उसाचं चिपाड, सोडियमची बॅटरी आणि बाबांचं घर

पत्र

मॅडम, नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. यंदा बी.एस्सी. केमिस्ट्री झाले, सीजीपीए 8.9 आहे. जर्मनीतल्या एका सरकारी विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळालाय. कोर्स इंग्रजीतून आहे, ऑक्टोबरमध्ये सुरू होतो. आपली कागदपत्रं तपासून देतात ते एपीएस सर्टिफिकेट हातात आलंय, व्हिसाची अपॉइंटमेंट दीड महिन्यावर आहे. त्याआधी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे तिथल्या राहण्याच्या खर्चासाठीच्या खास खात्यात, पैसे भरायचे आहेत. बँकेने 15 लाखांचं कर्ज मंजूर केलंय, पण त्यासाठी राहतं घर तारण ठेवावं लागणार आहे. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहेत, आई शिवणकाम करते, भाऊ अकरावीत आहे. सह्या अजून व्हायच्या आहेत.

जसजसा दिवस जवळ येतोय तसतसा पोटात गोळा येतोय. आमच्या कॉलेजात चार-पाच जणांत मिळून एक प्रॅक्टिकल व्हायचं. रेणूची रचना ओळखायचं एनएमआरचं मशीन मी फक्त पुस्तकात पाहिलंय. रोटरी इव्हॅपोरेटरला हातही लावलेला नाही. तिथली मुलं हे सगळं शिकून आलेली असतील. माझं पितळ पहिल्याच महिन्यात उघडं पडेल. नापास झाले तर कर्जाचं काय? जर्मन येत नाही. मी कधी हॉस्टेलवरही राहिलेली नाही. आत्या विचारते, ‘परत येणार की तिकडेच राहणार? लग्नाचं काय?’ बाबा काहीच बोलत नाहीत. फक्त म्हणतात, ‘तू अभ्यास कर, पैशाचं मी बघतो.’ त्यांच्या या वाक्याने मला रात्री झोप लागत नाही. एक वर्ष थांबून नोकरी करावी का, असंही वाटतं.

खरं तर मला जायचंय. तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये मी उसाच्या चिपाडाचा कोळसा करून त्यावर मिथिलीन ब्लू हा रंग शोषून घेतला होता. नंतर वाचलं की असल्याच कोळशापासून सोडियम बॅटरीचा इलेक्ट्रोड करता येतो. ते मला करून बघायचंय.

उत्तर

तुझं पत्र वाचून पहिली गोष्ट सांगते: जा. वर्षभर थांबून बी.एस्सी.च्या नोकरीत जे पैसे साठतील त्यांनी कर्ज फारसं कमी होणार नाही, आणि मिळालेला प्रवेश पुढच्या वर्षासाठी राखून ठेवला जाईल याची खात्री नसते. पण बँकेच्या कागदांवर सह्या व्हायच्या आधी बाबांशी एक बोलणं व्हायला हवं. ते कसं, ते शेवटी लिहिते, कारण त्यासाठी आधी काही आकडे तुझ्या हातात असायला हवेत.

आधी चिपाडाबद्दल, कारण सगळ्या पत्रात तुझा आवाज मला तिथेच मोकळा ऐकू आला. तू वाचलंस ते बरोबर आहे. लिथियमच्या बॅटरीत ग्राफाइट चालतं, कारण लिथियमचा आयन ग्राफाइटच्या थरांमध्ये बसतो. सोडियमच्या आयनाला ग्राफाइट नीट सामावून घेत नाही. म्हणून तिथे हार्ड कार्बन लागतो, म्हणजे ज्याचे थर वेडेवाकडे आहेत, ज्यात बारीक पोकळ्या आहेत असा कार्बन. तो लाकूड, करवंट्या, उसाचं चिपाड अशा वनस्पतीजन्य मालापासून करता येतो आणि त्यावर जगभर काम चाललंय. मात्र तुझ्या प्रोजेक्टमधला कोळसा आणि हा कोळसा एक नव्हे, हे आत्ताच ध्यानात ठेव. रंग शोषून घ्यायला बाहेरून खुला, भरपूर पृष्ठभाग असलेला कोळसा हवा असतो. बॅटरीत तोच पृष्ठभाग नडतो, कारण पहिल्या चार्जिंगमध्येच बराचसा सोडियम त्यावर साचणाऱ्या थरात अडकून वाया जातो. म्हणून हार्ड कार्बन 1000 अंशांच्या वर, निष्क्रिय वायूत तापवतात. हा फरक तुला स्वतःच्या शब्दांत सांगता आला, तर पहिल्याच सेमिस्टरला एखाद्या बॅटरी ग्रुपच्या प्रमुखांना ईमेल लिहायला तुझ्याकडे मुद्दा आहे. जर्मनीत उल्म, कार्लस्रूऽ, गीसन इथे या विषयावर मोठे गट आहेत. तुझं विद्यापीठ दुसरं असलं तरी प्रबंधाचं काम बाहेरच्या गटात करण्याची मुभा पुष्कळ ठिकाणी मिळते.

आता तुझी सगळ्यात मोठी भीती: लॅब.

ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. जर्मन बॅचलरच्या मुलांनी लॅबमध्ये आठवड्यांमागून आठवडे एकट्याने काम केलेलं असतं. सुरुवातीला त्यांचे हात तुझ्यापेक्षा भराभर चालतील. तुझ्या प्रवेशपत्रात एखादा बॅचलरचा लॅब कोर्स पहिल्या वर्षात पुरा करण्याची अट आहे का, तेही बघ. असेल तर त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, तुला जो सराव मिळाला नाही तोच त्या अटीने मिळणार आहे. पण तू जे शिकलीस ते कुचकामी आहे, हा समज मात्र काढून टाक. तू तीन वर्षं ज्या पद्धतीने सॉल्ट ॲनालिसिस केलंस, एकेका ग्रुपने धातू वेगळे काढत, ती पद्धत कार्ल रेमिगिउस फ्रेझेनियस यांनी 1841 साली पुस्तकरूपाने मांडली. फ्रेझेनियस गीसनला जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस लिबिग यांच्या प्रयोगशाळेत काम केलेले. आणि विद्यार्थ्याने व्याख्यान ऐकून थांबायचं नाही, स्वतः हाताने प्रयोग करत शिकायचं, ही रीत रसायनशास्त्रात रुजवण्यात त्याच लिबिग यांचा वाटा फार मोठा. ते 1824 साली गीसनला आले तेव्हा 21 वर्षांचे होते. त्यांची ती लॅब आज म्युझियम म्हणून जपलेली आहे, जमलं तर जाऊन ये. अज्ञात क्षार हातात आल्यावर क्रमाने विचार करत, एकेक शक्यता खोडत उत्तरापर्यंत जायची सवय तुला लागली आहे, आणि ती तिथे रोज कामाला येते.

जे राहिलंय ते यंत्रांचं. त्यातलं बरंचसं तू निघण्याआधी भरून काढू शकतेस. रोटरी इव्हॅपोरेटरचंच घे. तिथे सगळे त्याला रोटाव्हॅप म्हणतात. गोल बुडाचा फ्लास्क कोमट पाण्यात तिरका फिरत असतो, आतला दाब पंपाने कमी केलेला असतो, वाफ कंडेन्सरवर थंड होऊन दुसऱ्या फ्लास्कमध्ये उतरते. इथाइल ॲसिटेट उघड्यावर 77 अंशांना उकळतं. दाब 240 मिलिबारपर्यंत उतरवला की ते 40 अंशांनाच उकळतं, त्यामुळे विरघळलेला पदार्थ करपत नाही. नवख्यांचं चुकतं ते एकाच ठिकाणी: दाब घाईघाईने उतरवतात, द्रावण एकदम उसळून वर चढतं आणि दिवसभराची मेहनत कंडेन्सरमध्ये जाते. म्हणून आधी फिरवायचं, मग दाब हळूहळू उतरवायचा, मगच फ्लास्क पाण्यात टेकवायचा. काम संपल्यावर याच्या उलट क्रमाने, आणि आत हवा सोडल्याशिवाय फ्लास्क काढायचा नाही. बघ, एवढ्या ओळींत त्याचा निम्मा बागुलबुवा संपला. उरलेला निम्मा प्रत्यक्ष हात लावल्यावर संपेल. तुझ्या सरांना सांग, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात त्यांच्या ओळखीचे कोणी पीएच.डी.चे विद्यार्थी असतील तर आठवडाभर त्यांच्या शेजारी उभं राहू द्या. कोल्हापूर तुला लांब नाही. असं कोणी विचारलं की संशोधक विद्यार्थी सहसा आनंदाने दाखवतात, हा माझा अनुभव आहे. तू फक्त आपणहून विचारायला हवंस.

एनएमआरला मशीन लागतच नाही, सरावाला कागद पुरतो. जपानच्या एआयएसटी संस्थेचा एसडीबीएस नावाचा स्पेक्ट्रांचा संग्रह इंटरनेटवर फुकट आहे. इथाइल ॲसिटेटपासूनच सुरू कर: आलेखाच्या आडव्या पट्टीवर 4.1 पीपीएमच्या आसपास चार रेघांचा गट, 2.0 ला एकच रेघ, 1.3 च्या जरा खाली तीन रेघांचा गट, आणि क्षेत्रफळांचं प्रमाण 2:3:3. चार रेघा का, कारण शेजारी तीन हायड्रोजन. 2.0 ला एकच रेघ का, कारण शेजारच्या कार्बनवर हायड्रोजनच नाही. रोज असे दोन-तीन रेणू सोडव, नाव झाकून. ऑक्टोबरपर्यंत तुझी नजर तयार होईल, आणि ही नजर महागड्या मशीनशेजारी वाढलेल्या सगळ्यांनाच असते असं समजू नकोस.

तिथल्या लॅबची शिस्त मात्र वेगळी आहे, ती आधी माहीत असलेली बरी. पहिल्या दिवशी सुरक्षेची माहिती देतात आणि सही घेतात. त्याशिवाय आत पाऊल ठेवता येत नाही. पुष्कळ लॅबमध्ये प्रयोगाआधी सहायक तोंडी प्रश्न विचारतो, त्याला आनटेस्टाट म्हणतात. हा पदार्थ पाण्याशी काय करेल, सांडला तर काय करशील, एवढं मोजमाप कशासाठी, असे साधेच प्रश्न असतात. उत्तर आलं नाही तर त्या दिवशी प्रयोग नाही. सिंकमध्ये काही ओतायचं नाही, क्लोरीन असलेल्या सॉल्व्हंटची बाटली वेगळी, नसलेल्याची वेगळी. मग येतो प्रोटोकोल, म्हणजे प्रयोगाचा अहवाल. तो लाल खुणांनी भरून परत येईल. दुरुस्त करून दिलास की कदाचित आणखी एकदा परत येईल. आपल्याकडे जर्नल परत आलं की मुलं खचतात, कारण इथे परत येणं म्हणजे रागावणं. तिथे ती शिकवण्याचीच पद्धत आहे, जर्मन मुलांचेही अहवाल परत येतात. आणि आकडा जुळला नाही तर मित्राचा आकडा उतरवायचा नाही. आलेलाच आकडा लिहायचा, त्रुटी किती आणि कुठून आली ते मांडायचं. आपल्या प्रॅक्टिकलमध्ये ‘बरोबर’ रीडिंग मिळवण्याची जी सवय लागते, ती मुंबईच्या विमानतळावरच सोडून जा. जर्मनीत विद्यार्थ्याला खरोखर अडचणीत आणणारी गोष्ट असेल तर ती हीच.

इरावती कर्वे 1928 साली बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑइगेन फिशर हे मोठं प्रस्थ होतं. कवटीच्या दोन बाजूंमधला फरक आणि मानववंश यांचा संबंध आहे, अशी फिशर यांची ठाम धारणा होती आणि बाईंनी तो मोजून दाखवावा अशी अपेक्षा. बाईंनी कवट्या मोजल्या, संबंध दिसला नाही, आणि त्यांनी प्रबंधात तसं लिहिलं. 1930 साली त्या डॉक्टरेट घेऊन परतल्या. परकी भाषा, परका देश, समोर सर्वशक्तिमान प्राध्यापक, तरी मोजमाप जे सांगतं तेच लिहिलं. लॅबमध्ये तुला एवढंच धैर्य लागणार आहे. हुशारी तुझ्याकडे आहे, ती प्रवेश देणाऱ्यांनी तपासलेली आहे.

नापास होण्याबद्दल. तिथे 1.0 हा सर्वोत्तम ग्रेड, 4.0 ला पास, 5.0 म्हणजे नापास. परीक्षेच्या साधारण तीन संधी असतात आणि तिसऱ्यांदाही सक्तीचा विषय राहिला तर तोच अभ्यासक्रम जर्मनीत पुन्हा करता येत नाही. हा नियम कडक आहे, तुझ्या विद्यापीठाचा नेमका नियम पहिल्याच आठवड्यात वाच. त्यातून करायचं एवढंच की तयारी नसताना ‘बघू तर’ म्हणून परीक्षेला बसायचं नाही. ठरावीक तारखेपर्यंत नाव मागे घेता येतं. घरी पहिल्या सेमिस्टरला 2.7 आला म्हणून कोणी घाबरून जाऊ नये, यासाठी बाबांना ग्रेडचा हा उलटा क्रम आत्ताच समजावून ठेव.

जर्मन भाषा. वर्ग इंग्रजीतून असतील, पण काचसामानाच्या खिडकीवरचा माणूस, परदेशी नागरिकांच्या कार्यालयातली बाई आणि शेजारच्या खोलीतली मैत्रीण यांचं जग जर्मनमध्ये चालतं. निघेपर्यंत ए1 ही सुरुवातीची पातळी तरी गाठ, पुण्याचं मॅक्स म्युलर भवन ऑनलाइन वर्गही घेतं. तिथे गेल्यावर विद्यापीठाचे वर्ग स्वस्तात किंवा फुकट असतात. लॅबच्या धबडग्यात ते सोडून द्यावेसे वाटतील, सोडू नकोस. पुढे नोकरी बघताना गुणांइतकीच भाषा विचारली जाते.

खोलीसाठी प्रवेश मिळाला त्याच दिवशी श्टुडिएरेंडेनवेर्ककडे, म्हणजे विद्यार्थी वसतिगृहं चालवणाऱ्या संस्थेकडे अर्ज करायला हवा होता. केला नसेल तर आज कर, रांग लांब असते. खाजगी खोली शोधताना कोणी म्हणालं की मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठव, चावी पोस्टाने येईल, तर तो ठग आहे. दुसरं, खोलीच्या पत्त्यावर नोंदणी करू देणार का, हे आधी विचार. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्याला घरमालकाची सही लागते. नोंदणीशिवाय राहण्याचा परवाना पुढे सरकत नाही आणि बँकेपासून टॅक्स नंबरापर्यंत बाकीचंही अडून राहतं.

कागदांत एकच सांगते. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव छापतात. पासपोर्टवरचा क्रम वेगळा असतो. सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच लिही आणि स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असेल तर प्रतिज्ञापत्र आत्ताच करून घे. बॅगेत साजूक तूप, पेढे, खवा नको. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, आईला आधीच सांग म्हणजे विमानतळावर काढून टाकायची वेळ येणार नाही. दात दाखवून घे, चष्म्याची जादा जोडी ने, छोटा कुकर ने.

एकटेपणा येईल. तो नक्की कधी येतो तेही सांगते, म्हणजे आला की ओळखशील: नोव्हेंबरात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, डिसेंबरात दुपारी चार-साडेचारलाच अंधारायला लागतं, रविवारी दुकानं बंद, रस्ते शांत. दिवाळी बहुधा त्याच्याच आसपास येते. पहिल्या महिन्याची धावपळ संपलेली असते आणि मन रिकामं होतं. हे बहुतेकांना होतं. दुपारी उजेड असताना रोज अर्धा तास बाहेर चाल. स्वयंपाक दोघी-तिघींनी मिळून करा. म्युनिक, फ्रँकफर्टसारख्या शहरांत मराठी मंडळं आहेत, तुझं शहर लहान असलं तरी विद्यापीठात कोणी ना कोणी मराठी सापडेलच. पण सगळा वेळ आपल्याच माणसांत घालवू नकोस, नाहीतर जर्मन कधीच येणार नाही. आणि पंधरा-वीस दिवस झोप लागत नाही, जेवण जात नाही, लॅबला जावंसं वाटत नाही असं झालं, तर विद्यार्थी सेवा केंद्रातल्या समुपदेशकाकडे जा. तिथे बोललेलं गुप्त राहतं, विद्यापीठाला किंवा व्हिसाच्या कार्यालयाला कळत नाही. आईशी बोलायची वेळ ठरवून टाक. उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो, तुझी दुपारच्या जेवणाची सुट्टी म्हणजे आईची मशीन बंद करायची वेळ. रोज तासभर व्हिडिओ कॉल नको, त्याने तू इथेच अडकून राहशील आणि एक दिवस फोन चुकला की आईचा जीव टांगणीला लागेल.

आत्याला एकच उत्तर दे: ‘आत्या, दोन वर्षं शिकते, मग ठरवते.’ आणि हे उत्तर खरंही आहे. पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिन्यांचा परवाना मिळतो. पीएच.डी. करायची म्हटली तर जर्मनीत ती बहुधा पगारी नोकरीच असते. इकडे संशोधन संस्थांत पुण्याची एनसीएल आहे, आयसर आहे, बॅटरीवर काम करणाऱ्या कंपन्या आहेत. यातलं कुठलं दार तुझ्यासाठी उघडेल ते आज कोणालाच ठाऊक नाही, तुलाही नाही. म्हणून ‘नक्की परत येईन’ हे वचन देऊ नकोस आणि ‘तिकडेच राहीन’ हेही बोलू नकोस. लग्नाच्या प्रश्नाला उत्तर देणं तुझ्यावर बंधनकारक नाही. ते काम आईवर सोपव, ती आत्याला तुझ्यापेक्षा चांगली ओळखते.

आता बाबा.

‘पैशाचं मी बघतो’ हे वाक्य ते प्रेमानेच म्हणतात. पण त्यामुळे झालंय असं की तुम्ही दोघंही एकाच गोष्टीची काळजी करताय, वेगवेगळ्या खोल्यांत. तुला झोप लागत नाही ती 15 लाखांमुळे नाही, त्या 15 लाखांचं पुढे काय होणार याचं चित्र डोळ्यांसमोर नाही म्हणून. ते चित्र कागदावर काढू.

ब्लॉक्ड अकाउंटचे 11,904 युरो ही फी नाही, हे आधी घरात सगळ्यांना सांग. नातेवाइकांत ‘बारा लाख फी भरली’ अशी बातमी पसरते. ते तुझेच पैसे, दरमहा 992 युरो याप्रमाणे तुलाच परत मिळतात, खोलीभाडं, विमा, जेवण यांसाठी. युरो 105 रुपयांना धरला तर हे साडेबारा लाख. उरलेले अडीच लाख तिकीट, व्हिसा, सेमिस्टरचं शुल्क, खोलीचं डिपॉझिट यांत जातील. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात किंवा म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात असशील तर आपल्यासारख्यांना शिक्षणशुल्कही आहे. तुझ्या प्रवेशपत्रावर ते लिहिलेलं असेल, पुन्हा बघ.

म्हणजे 15 लाखांत पहिलं वर्ष निघतं. दुसऱ्या वर्षी राहण्याचा परवाना वाढवताना पैशाची सोय पुन्हा दाखवावी लागते, आणि नेमकी हीच गोष्ट एजंट सांगत नाहीत. कायद्याने तुला वर्षात 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. 2026 मध्ये किमान वेतन तासाला 13.90 युरो आहे. आठवड्याला 10 तास काम मिळालं तर महिन्याला साधारण 600 युरो. विभागातच सहायकाचं काम मिळालं तर सगळ्यात चांगलं, ओळखी होतात आणि यंत्रांवर हात बसतो. पण पहिल्या सेमिस्टरला काम धरू नकोस, रसायनशास्त्राच्या लॅब दिवसच्या दिवस खातात. तेव्हा दुसऱ्या वर्षाला महिन्याला 400 युरो कमी पडतील असं धर, म्हणजे वर्षाचे पाच लाख. बँकेला आत्ताच विचारा की मंजुरी 20 लाखांची मिळेल का, आणि शेवटचे पाच लाख गरज पडली तरच उचलता येतील का. व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं.

आणि हप्ता. दर 10 टक्के धरला तर 15 लाखांवर महिन्याला 12,500 रुपये व्याज होतं. शिक्षणाची दोन वर्षं आणि नंतरचं एक, अशी तीन वर्षं काहीच भरलं नाही तर साडेचार लाख चढतात, आणि साडेएकोणीस लाखांचा दहा वर्षांचा हप्ता 26,000 च्या घरात जातो. व्याज दरमहा भरत राहिलात तर तोच हप्ता 20,000 च्या आत बसतो. दरमहा 12,500 बाबांच्या पगारातून जाणं अवघड असेल, पण निम्मं गेलं तरी फरक पडतो, आणि काम लागल्यावर त्यातला काही भाग तू पाठवू शकतेस. बँकेत आणखी दोन गोष्टी विचारा: तुझ्या नावाने कर्जाइतका मुदतीचा विमा काढता येतो का, आणि हप्ता थकला तर घराबाबत नोटीस कधी, कुठल्या क्रमाने येते. दुसरा प्रश्न विचारायला जड जाईल. तरी तो बाबांनी आणि तू दोघांनी एकत्र बसून विचारायचा आहे, कारण घर तुम्हा चौघांचं आहे.

हे सगळं एका फुलस्केप कागदावर स्वतःच्या अक्षरात मांड. रविवारी दुपारी, आई आणि भाऊही घरात असताना, बाबांपुढे ठेव. ‘मला टेन्शन येतंय’ अशी सुरुवात करू नकोस, ते लगेच तुझी समजूत घालायला लागतील आणि विषय तिथेच संपेल. म्हण, ‘बाबा, हिशोब मांडलाय, चुकला असेल तर दुरुस्त करा.’ आयुष्यभर इंजिनं उघडून त्यांतला दोष शोधलेला माणूस आहे तो. हिशोबात कुठे ढिलं आहे ते त्यांना तुझ्यापेक्षा लवकर दिसेल. मग त्यांना विचार, सगळ्यात वाईट झालं, मी मधेच परत आले, तर आपण काय करायचं? हे उत्तर तुमच्या घरात मोठ्याने बोललं गेलं की तुझ्या डोक्यावरचं अर्धं ओझं उतरेल आणि त्यांच्याही.

भावालाही त्या बैठकीत बसव. दोन वर्षांनी त्याच्या शिक्षणाचा खर्च येणार आहे, आणि तोवर घर तारण असेल हे त्याला दुसऱ्या कोणाकडून कळू नये.

बाबांनी असा काही प्रश्न विचारला की ज्याचं उत्तर तुझ्याकडे नाही, तर तो मला लिहून पाठव. कर्जाचं मंजुरीपत्रही, नाव आणि खाते क्रमांक झाकून. सह्यांच्या तारखेआधी आपण ते ओळीने वाचू.